दख्खनच्या पाषाणातील स्फटिकधन : विज्ञान, संग्रह आणि संवर्धन

बेंगळुरूच्या पूर्वेस, जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीमुळे बेंगळुरू, कोलार आणि होसकोटे ही नावे मराठी वाचकास इतिहासाच्या पुस्तकातून परिचित आहेत. या परिसरातील खडक फोडून इमारतींसाठी दगड व रस्त्यांसाठी खडी तयार केली जाते. पुण्याजवळच्या वाघोली परिसरातही दगडखाणींनी हेच काम केले आहे. दोन्हीकडे सुरुंग, घण आणि खडीयंत्रे सारखीच. मात्र होसकोटे परिसरातील खडकातून बहुधा खडीच मिळते. वाघोलीच्या खडकातून मात्र खडीबरोबर निळ्या, हिरव्या आणि शुभ्र स्फटिकांचे असे नमुने बाहेर आले की जगातील मोठ्या संग्रहालयांनी ते आपल्या दालनांत मांडले. हा फरक का पडतो, हे स्फटिक कसे तयार होतात, त्यांचा संग्रह कसा केला जातो आणि या ठेव्याच्या जतनाचा प्रश्न कोणता आहे, याचा विचार भूगोल, विज्ञान आणि राज्यव्यवस्था या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरणारा आहे.

दोन खडक, दोन इतिहास

होसकोटे परिसर ‘पेनिन्सुलर नाइस’ या अतिप्राचीन खडकावर वसला आहे. याच खडकाची टेकडी बेंगळुरूच्या लालबागेत असून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे. या खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. तो भूपृष्ठाखाली खोलवर, प्रचंड दाब व उष्णतेत घडला. त्यातील क्वॉर्ट्‌झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे कण वाढताना एकमेकांना भिडले. मोकळी जागाच नसल्यामुळे कोणत्याही कणाला आपले नैसर्गिक पैलू पूर्णपणे धारण करता आले नाहीत. तेथून पूर्वेस असलेल्या कोलारच्या खाणींत सोने सापडले, ते वेगळ्या प्रकारच्या शिस्ट खडकातील क्वॉर्ट्‌झच्या शिरांमध्ये. या खाणी २००१ साली बंद झाल्या. थोडक्यात, दक्षिण कर्नाटकाची खनिजसंपत्ती मोठी असली तरी तेथील नाइस खडक सुबक स्फटिकांच्या वाढीस अनुकूल नाही.

महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग व्यापणारा बेसाल्ट खडक त्या मानाने फारच तरुण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. आज या थरांचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर असून पश्चिम घाटात त्यांची जाडी सर्वाधिक आहे. लाव्ह्यात विरघळलेले वायू दाब कमी होताच बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागले. लाव्हा घट्ट होताना हे बुडबुडे अडकून पडले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. काही पोकळ्या मोहरीएवढ्या, तर काही माणूस आत उभा राहील एवढ्या मोठ्या असतात. दोन थरांमधील सच्छिद्र भाग, भेगा आणि तुटलेल्या तुकड्यांच्या थरांतही अशी मोकळी जागा निर्माण झाली. स्फटिकाला हवी असलेली पहिली गोष्ट, म्हणजे वाढण्यास मोकळीक, ती येथे अशी उपलब्ध झाली.

पोकळीत स्फटिक कसे वाढतात?

दुसरी गरज द्रावणाची. थरांवर थर साचत गेले तशी खालच्या थरांतील उष्णता टिकून राहिली. खडकातून झिरपणारे पाणी तापले. या उष्ण पाण्याने बेसाल्टमधील काचेसारखा भाग आणि फेल्डस्पार यांच्यावर रासायनिक क्रिया करून सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम ही द्रव्ये विरघळवून घेतली. द्रावण पोकळीत पोहोचल्यावर तापमान, दाब किंवा आम्लता बदलली की ही द्रव्ये पोकळीच्या भिंतीवर स्फटिकरूपाने जमा होऊ लागली. लाव्हा थंड झाल्यानंतरही ही क्रिया दीर्घकाळ आणि टप्प्याटप्प्याने चालू राहिली. म्हणूनच या खनिजांना ‘दुय्यम खनिजे’ म्हणतात.

एकाच पोकळीत अनेक खनिजे एका ठरावीक क्रमाने आढळतात. भिंतीलगत बहुधा हिरवट मृद्खनिजे किंवा कॅल्सेडोनीचा पातळ थर असतो. त्यावर ह्यूलँडाइट, स्टिल्बाइट यांसारखी खनिजे आणि त्यांवर ॲपोफिलाइट किंवा कॅल्साइट बसलेले दिसते. आधी कोण आणि नंतर कोण, हे पाहून द्रावणाचे रसायन कसे बदलत गेले याचा अंदाज बांधता येतो. १९७४ साली आर. एन. सुखेश्वाला, आर. के. अवासिया आणि एम. गंगोपाध्याय यांनी पश्चिम भारतातील दख्खन ट्रॅपमधील झिओलाइट आणि सहचारी खनिजांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. पोकळीतला नमुना हा केवळ शोभेचा तुकडा नसून तो खडकाच्या उत्तरायुष्याचा दस्तऐवज आहे, हे अशा अभ्यासातून स्पष्ट होते.

या खनिजांमधील सर्वांत मोठा गट झिओलाइटांचा. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ ॲक्सेल क्रोनस्टेट यांनी हे नाव दिले. खनिज तापवताच त्यातील पाणी उसळून बाहेर पडते, म्हणून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक शब्द त्यांनी योजले. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या चतुष्फलकांची जाळीदार चौकट, त्या चौकटीतील सूक्ष्म नलिका आणि नलिकांत सामावलेले पाण्याचे रेणू व धातूंचे आयन, अशी झिओलाइटची रचना असते. हे आयन दुसऱ्या आयनांशी अदलाबदल करू शकतात. या गुणाचा उपयोग पाणी मृदू करणे, धुण्याच्या पावडरी, तेलशुद्धीकरण आणि वायूंचे पृथक्करण यांत होतो. उद्योगांत बहुतेक ठिकाणी कृत्रिम झिओलाइट वापरले जातात; दख्खनच्या नमुन्यांचे मोल मात्र त्यांच्या सुघड रूपात आणि नोंदमूल्यात आहे.

रूपांचे वैविध्य

१६६९ साली निकोलस स्टेनो यांनी क्वॉर्ट्‌झचे स्फटिक तपासून असे दाखवले की स्फटिक लहान असो वा मोठा, त्याच्या सारख्या पैलूंमधील कोन बदलत नाहीत. पुढे १९१२ मध्ये क्ष-किरणांच्या विवर्तनामुळे या नियमामागील अणुरचना प्रत्यक्ष सिद्ध झाली. स्फटिकांचे घनीय, चतुष्कोणीय, समचतुर्भुजी, षट्कोणी, त्रिकोणी, एकनत आणि त्रिनत असे सात गट मानले जातात. परंतु एकाच गटातील, किंबहुना एकाच खनिजाचे स्फटिकही परिस्थितीनुसार निरनिराळी ठेवण धारण करतात. दख्खनचे नमुने हे समजण्यासाठी उत्तम उदाहरणे पुरवतात.

ॲपोफिलाइट हे त्यांपैकी पहिले. नवख्या माणसाला त्याचा स्फटिक चौकोनी ठोकळ्यासारखा, म्हणजे घनीय वाटतो. प्रत्यक्षात तो चतुष्कोणीय आहे. त्याच्या बाजूच्या पैलूंवर उभ्या रेषा असतात, तर वरच्या पैलूवर मोत्यासारखी चमक असते. आणि तो त्या वरच्या पैलूला समांतरच सहज फुटतो. कधी कोपरे छाटले जाऊन त्यास मनोऱ्यासारखे टोकही येते. तापवल्यास पापुद्रे सुटतात, यावरून त्याचे नाव पडले. पुण्यातील पाषाण परिसरातून मिळालेले हिरवे ॲपोफिलाइट जगप्रसिद्ध आहे. ही हिरवी छटा अत्यल्प व्हॅनेडियममुळे येते. ॲपोफिलाइट नेहमी झिओलाइटांबरोबर आढळत असले तरी ते झिओलाइट नाही, ही बाब अभ्यासकांनी ध्यानात ठेवावी.

स्टिल्बाइटचे पातळ स्फटिक मधोमध बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात. जळगाव परिसरातील ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे एकत्र नमुने संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत. ह्यूलँडाइटचे स्फटिक शवपेटीच्या आकाराचे असतात. हे नाव लंडनमधील खनिज संग्राहक जॉन हेन्री ह्यूलँड यांच्यावरून १८२२ साली देण्यात आले. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट सुयांच्या झुबक्यांत वाढतात. ओकेनाइटचे तंतू इतके बारीक असतात की त्यांचा गोळा फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा दिसतो. बोटाचा स्पर्श झाला तरी तंतू मोडतात किंवा चिकटतात. मुंबई परिसरातील प्रेहनाइटचे बोटांसारखे आकार आणखी एक गोष्ट सांगतात. आधी वाढलेल्या लॉमोंटाइटच्या स्फटिकांवर प्रेहनाइटचे लेपन झाले. पुढे आतील लॉमोंटाइट नाहीसे झाले आणि त्याच्या आकाराचे आवरण तेवढे उरले. गेलेल्या खनिजाची खूण दुसऱ्या खनिजाने अशी जपून ठेवली. नाशिक परिसरातील पॉवेलाइट हे कॅल्शियम मॉलिब्डेट असून अतिनील किरणांत ते पिवळे चकाकते. सिन्नरजवळील महोदरी येथे फ्लुओराइट घनाऐवजी गोलाकार पुंजक्यांत आढळले आहे.

वाघोलीचा निळा स्फटिक

या सर्वांत कॅव्हन्साइटचे स्थान वेगळे आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात ते प्रथम सापडले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्या वेळी उपलब्ध असलेले नमुने अत्यंत लहान होते. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींतून गडद निळ्या स्फटिकांचे चक्राकार गुच्छ पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले मिळू लागले आणि या खनिजासाठी वाघोली हे जगातील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण ठरले.

त्याच खाणींत पेंटागोनाइटही मिळते. दोहोंचे रासायनिक संघटन एकच. अणूंची मांडणी मात्र भिन्न. हिरा आणि ग्रॅफाइट यांच्याप्रमाणेच हे बहुरूपतेचे उदाहरण होय. पेंटागोनाइटच्या नावातील ‘पाच’चा अर्थही बोधप्रद आहे. सामान्य स्फटिकात पंचगुणी सममिती असू शकत नाही, कारण पंचकोनी फरशा शेजारी शेजारी मांडल्या तर जमीन फट न राहता भरता येत नाही. मग हा स्फटिक पाच कोनांच्या ताऱ्यासारखा का दिसतो? येथे एक स्फटिक नसून पाच स्फटिक एकमेकांना जोडून वाढलेले असतात. या जोडणीस यमलन म्हणतात. खऱ्या अर्थाने पंचगुणी सममिती दाखवणारे, पण नियमित पुनरावृत्ती नसलेले ‘अर्धस्फटिक’ डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये एका मिश्रधातूत आढळले. या शोधाबद्दल त्यांना २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

संग्रहाची परंपरा आणि पद्धत

दख्खनच्या स्फटिकांची कीर्ती रेल्वेबरोबर परदेशी पोहोचली. १८५६ ते १८६३ या काळात भोर घाटातील रेल्वेमार्गासाठी बोगदे व कटाई झाली. त्या खोदकामात उघड्या पडलेल्या पोकळ्यांतील नमुने युरोपातील संग्रहांत गेले. नंतर मुंबई व उपनगरांतील खाणी, पुणे, नाशिक, जळगाव आणि राहुरी येथील खाणी व विहिरींची खोदाई हे नमुन्यांचे मुख्य स्रोत ठरले. अमेरिकेतील टुसॉन येथे १९५५ पासून भरणाऱ्या खनिज प्रदर्शनासारख्या बाजारांत दख्खनच्या नमुन्यांना नियमित मागणी असते. देशातही हा ठेवा पाहण्याची सोय आहे. सिन्नर येथे २००१ साली सुरू झालेले गारगोटी खनिज संग्रहालय खासगी असले तरी सर्वसामान्यांना खुले आहे. कोलकात्याचे भारतीय संग्रहालय तसेच अनेक महाविद्यालयांचे भूविज्ञान विभाग येथेही खनिजांचे संग्रह आहेत.

नमुना काढण्याचे काम बहुतेक वेळा खाणीतील मजूर करतात. सुरुंग उडाल्यावर पोकळी दिसली की छिन्नीने भोवतीचा दगड हळूहळू कापून स्फटिकांचा गट मूळ खडकासह सोडवावा लागतो. तो ओल्या मातीसह कागदात गुंडाळून पेटीत ठेवतात. साफसफाईसाठी मऊ कुंचला आणि साधे पाणी पुरेसे असते. ओकेनाइटसारख्या तंतुमय नमुन्यास तर पाणीही लावू नये. आम्ल वापरल्यास अनेक झिओलाइट बुळबुळीत होऊन खराब होतात आणि कॅल्साइट फसफसून विरघळते. तीव्र उष्णतेने झिओलाइटमधील पाणी निघून जाते. लॉमोंटाइट तर साध्या कोरड्या हवेतही पाणी गमावून भुकटी होते. त्यामुळे जतन म्हणजे केवळ कपाटात ठेवणे नव्हे. प्रत्येक खनिजाचा स्वभाव जाणून त्याची निगा राखणे होय.

उत्तम नमुन्याच्या कसोट्या ठरलेल्या आहेत : स्फटिकांचे पैलू अखंड असावेत, रूप वैशिष्ट्यपूर्ण असावे, सोबतची खनिजे व मूळ खडक कायम असावा. त्यांहूनही महत्त्वाची कसोटी म्हणजे नोंदचिठ्ठी. खनिजाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, खाण किंवा विहीर, खोली, दिनांक आणि सहचारी खनिजे एवढी माहिती नसेल तर सुंदर नमुनाही विज्ञानाच्या दृष्टीने मुका राहतो. नुसते ‘पुणे, भारत’ असे लिहिलेले हजारो नमुने जगभर विखुरले आहेत; त्यांच्यावरून कोणत्या थरात कोणते खनिज होते हे आता सांगता येत नाही. व्यापारी स्पर्धेमुळे कित्येकदा खरे ठिकाण लपवलेही जाते. शिवाय ओकेनाइटला रंग देणे, सुटे स्फटिक डिंकाने दगडावर चिकटवणे असे प्रकार होतात. अस्वाभाविक भडक रंग, सांध्यावरील चकाकी आणि खडकाशी न जुळणारे खनिज यांवरून जाणकार अशी फसवणूक ओळखतात.

कायदा आणि संवर्धनाचा प्रश्न

येथे एक पेच आहे. दगडखाणी नसत्या तर यांतील बहुतेक पोकळ्या कधी उघड्याच पडल्या नसत्या. त्याच वेळी खाणीचा उद्देश खडी हा असल्याने असंख्य पोकळ्या स्फटिकांसह खडीयंत्रात जातात. शहरे वाढली की खाणी बंद होतात, भरल्या जातात आणि त्यांवर वसाहती उभ्या राहतात. मुंबई उपनगरांतील कित्येक प्रसिद्ध ठिकाणांचे असेच झाले. म्हणजे खाण चालू असताना स्फटिकांचा चुरा होण्याची आणि बंद झाल्यावर ठिकाणच हरपण्याची भीती असते. या दोन्हींच्या मधल्या काळात नोंद व बचाव करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खाणी व खनिज विकासाचे विनियमन संघ सूचीच्या ५४ व्या आणि राज्य सूचीच्या २३ व्या नोंदीत येते. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ मधील कलम ३ (ङ) नुसार इमारतीचा दगड हे गौण खनिज असून कलम १५ अन्वये गौण खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना आहे. २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. ही चौकट खडकाचे प्रमाण, स्वामित्वधन आणि पर्यावरण यांचा विचार करते. खडकातील वैज्ञानिक ठेवा हा तिचा मुख्य विषय नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांत महाराष्ट्रातील लोणार सरोवराचा समावेश आहे. २०२२ साली केंद्रीय खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. स्मारक घोषित करणे हा उपाय सरोवर किंवा टेकडीसाठी योग्य आहे. परंतु आज उघडी पडून उद्या नाहीशी होणाऱ्या पोकळीसाठी तो पुरेसा नाही. तेथे उपाय वेगळे हवेत. खाणपट्ट्याच्या अटींत स्फटिकयुक्त पोकळी आढळल्यास कळवण्याची तरतूद, जवळच्या महाविद्यालयाला पाहणी व छायाचित्रणाची मुभा आणि प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणाचा किमान एक नोंदयुक्त नमुना सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची व्यवस्था, एवढ्याने बरेच साधेल.

यात श्रमिकाचा वाटाही विचारात घेतला पाहिजे. पोकळी प्रथम पाहणारा आणि धोका पत्करून नमुना अखंड बाहेर काढणारा मजूरच असतो. परंतु नमुना हातोहाती जाताना वाढणाऱ्या किमतीचा लाभ त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. सुट्या दरडीखाली काम करणे, सिलिकायुक्त धुळीमुळे होणारा फुप्फुसांचा विकार या जोखमी त्याच्याच वाट्याला येतात. नमुने काढण्याचे प्रशिक्षण, मुखपट्टी व शिरस्त्राण आणि न्याय्य मोबदला मिळाल्यास चुरा होणारे स्फटिक वाचतील आणि ठिकाणाची खरी माहितीही उपलब्ध होईल. १९५७ च्या अधिनियमातील कलम १५ क नुसार गौण खनिजांच्या बाबतीतही जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी निधी घेण्याचा अधिकार राज्यांना आहे. खाणींनी बाधित गावांसाठी असलेल्या या निधीच्या नियोजनात कामगारांच्या आरोग्यतपासणीस अग्रक्रम देणे उचित ठरेल.

विद्यार्थ्यांना या कामात सहभागी होण्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. परवानगीशिवाय चालू खाणीत जाऊ नये; परंतु विहिरीच्या उपशात, रस्त्याच्या कटाईतील राशीत किंवा गावाजवळच्या खडीच्या ढिगात बोटभर आकाराचे कितीतरी नमुने मिळतात. भिंग, पोलादी सुरी, विरल आम्लाचा एक थेंब आणि वही एवढ्या साहित्यावर कठिनता, पाटन, चमक व कॅल्साइटची फसफस तपासता येते. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी विकसित करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१ क (ज) नुसार नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील खडकांचा असा नोंदयुक्त संग्रह उभारला, तर खडीयंत्रात जाण्यापूर्वी दख्खनच्या पाषाणाची ओळख तरी लेखी राहील. आणि एकदा नाहीशी झालेली पोकळी पुन्हा घडत नसल्यामुळे हे काम लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.